कॅम्पर घेऊन पावसात संभाजीनगर फिरायला निघालात? मग या चुका टाळा

झड लागली की कॅम्पर, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, घेऊन निघालेल्या माणसाच्या मनात पहिला विचार हाच येतो, की बाहेर पाऊस पडायलाय तर पडू दे, आपलं घर आपल्या सोबत आहे, गाडीतूनच शहर बघू, जिथं आवडलं तिथं थांबू, चहा टाकू, पुढं निघू. ऐकायला लई भारी वाटतं. पण संभाजीनगरसारख्या जुन्या शहरात पावसाच्या दिवशी जे घोटाळे होतात त्यातले बरेचसे याच एका विचारातून सुरू होतात.

माझं म्हणणं सरळ आहे. पावसाच्या दिवशी शहरात कॅम्पर हा मुक्काम समजायचा. सकाळी ती एका पक्क्या जागी लावायची आणि फिरायचं रिक्षानं, सिटी बसनं, नाहीतर पायी. संध्याकाळी ओलेचिंब होऊन आलात की ती कोरडी आणि चार्ज असलेली मिळाली पाहिजे. बाकी जे काही खाली लिहितोय ते सगळं याच्याच भोवती आहे.

दरवाज्यांच्या शहरात गाडी घालणं

मलिक अंबरनं 1610 च्या सुमारास खडकी वसवली तेच हे शहर, आणि भडकल दरवाजा त्यानंच 1612 मध्ये बांधला असं सांगतात. बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणून नाव आहे, आज त्यातले थोडेच उरलेत, पण जे उरलेत ते बरोबर आपल्या वाटेत येतात. पाणचक्कीजवळचा महमूद दरवाजा, मकाई, बारापुल्ला हे खाम नदीच्या कडेचे दरवाजे आहेत, जुने पूल, अरुंद वाट. मॅप तुम्हाला सगळ्यात जवळचा रस्ता म्हणून इकडंच नेतं, कारण मॅपला वाटतं तुम्ही कार चालवताय.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. कमान मध्यभागी उंच असते आणि दोन्ही कडांना खाली उतरत जाते. ड्रायव्हर समोरून बघतो, मधली उंची बघतो आणि म्हणतो जाईल की. पण टेम्पो ट्रॅव्हलरच्या चेसिसवर बांधलेल्या कॅम्परला छताच्या कडेला ऑनिंगची, म्हणजे बाजूला ओढून उघडायच्या कापडी छपराची, नळी असते, सोलर पॅनलचे कोपरे असतात, आणि घासतं ते तिथंच. छतावरच्या एसीची उंची मोजून घेतली म्हणजे झालं असं नाही, कडेची उंची आणि रुंदी वेगळी मोजा, फूट आणि मीटर दोन्हीत, आणि कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. पाऊस चालू असताना, मागं रिक्षा हॉर्न वाजवत असताना ही उंची कोणाला आठवत नाही.

वेरूळकडं जातानाही हेच. दौलताबादच्या बाहेरच्या तटबंदीतल्या जुन्या दरवाज्यातून रस्ता जातो, घाटात, एका वेळी एकच मोठी गाडी, आणि श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराची गर्दी असली की तिथं तासन्‌तास अडकायला होतं. अशा वेळी टूरिस्ट बस कुठून जातात ते बघायचं. पेट्रोल पंपावर नाहीतर ढाब्यावर एखाद्या बसच्या ड्रायव्हरला विचारलं, "भाऊ, मोठी गाडी कुठून काढू?" की तो दोन मिनिटांत असा रस्ता सांगतो जो मॅपला कधीच सापडणार नाही.

गुलमंडी, सिटी चौक, शहागंज, राजाबाजार, पैठण गेट या भागात तर कॅम्पर नेऊच नका. कोरड्या दिवशीही नको. पावसात केबलच्या आणि नेटच्या वायरी लोंबून खाली येतात, ओल्या फांद्या एरवीपेक्षा हातभर खाली झुकतात, आणि गणपतीच्या दिवसांत संस्थान गणपतीच्या आजूबाजूला मंडप पडलेले असतात तेव्हा तर चालायलाही जागा नसते. मॉलच्या बेसमेंटचा विचारही सोडून द्या, तिथला आडवा दांडा बहुतेक कॅम्परच्या उंचीच्या बराच खाली असतो.

गाडी लावायची कुठं मग? शहराच्या कडेला, मोठ्या रस्त्यालगत, सिमेंटचं किंवा पेव्हर ब्लॉकचं अंगण असलेलं हॉटेल किंवा लॉन बघा आणि आधी फोन करून गाडीची लांबी उंची सांगून विचारा. स्टेशन रोडला एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, पर्यटक निवास आहे, तिथंही विचारता येतं. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅरॅव्हॅन, म्हणजे कॅम्परसारख्या गाड्यांच्या, पर्यटनाचं धोरण आणलं हे खरं, पण म्हणून प्रत्येक गेटवरच्या वॉचमनला कॅम्पर म्हणजे काय ते माहीत असेल असं धरून चालू नका, शांतपणे दार उघडून आतून दाखवलं की बहुतेक लोक मदतच करतात.

काळ्या मातीवर चाक टेकवणं

ही मराठवाड्यातली सगळ्यात महागडी चूक. बाहेरून येणाऱ्यांना हे कळतच नाही. शहराबाहेर छान मोकळी जागा दिसते, हिरवंगार शिवार, लांबवर डोंगर, पाऊस थोडा थांबलेला, जमीन वरून सुकलेली, खपली धरलेली. गाडी आत घेतात. रात्री एक सर येते आणि सकाळी मागची चाकं निम्मी आत.

आपली काळी माती बेसाल्टपासून झालेली, चिकणमातीचं प्रमाण भरपूर, पाणी प्याली की फुगते आणि टायरच्या खाचांमध्ये अशी गच्च बसते की टायर गुळगुळीत होऊन जातो. मग ॲक्सिलरेटर दाबला की चाक जागेवर फिरतं आणि अजून खोल जातं. कॅम्परचं वजन सामान, पाण्याची टाकी, बॅटऱ्या धरून तीन चार टनांच्या घरात, त्यातलं बरंचसं मागच्या चाकांवर.

म्हणून साधा नियम ठेवा, मुरूम, खडी, डांबर किंवा सिमेंट, यातलं काहीतरी चारही चाकांखाली दिसलं पाहिजे. नसेल तर रस्त्याच्या कडेलाही उतरू नका, कारण साइडपट्टीही कित्येक ठिकाणी भरावाच्या मातीचीच असते.

आणि तरीही रुतलीच तर पहिल्या दोन प्रयत्नांत निघाली नाही की थांबा. सगळ्यांनी खाली उतरा, पाण्याची टाकी रिकामी करा, शंभर लिटर म्हणजे शंभर किलो कमी होतं. चाकापुढची माती हातानं नाहीतर फावड्यानं काढा, टायरची हवा थोडी कमी करा आणि चाकाखाली पोतं, पऱ्हाट्या, तुराट्या जे मिळेल ते कोंबा. वावराच्या कडेला सरपणाचा ढीग असतोच, फक्त ज्याचा आहे त्याला विचारून घ्या. दुसऱ्या गिअरमध्ये, हळू, धक्का न देता काढायची. ट्रॅक्टर बोलवला तर दोर कंपनीनं दिलेल्या हुकालाच बांधा. बंपरला किंवा ॲक्सलला बांधलेल्या दोरानं गाडी निघते, पण बंपर किंवा मागचा पाइप घेऊन निघते. ट्रॅक्टरवाल्या दादांना पैसे आधी विचारा, बरेच जण घेत नाहीत, मग निदान चहा पाजा.

"गाडी उंच आहे, पाण्यातून जाईल"

नाही जाणार. खाम आणि सुखना या नद्या एरवी नाल्यासारख्या दिसतात, त्यामुळं त्यांचा कोणी धाक धरत नाही, पण जोराचा पाऊस झाला की पुलाला पाणी लागायला वेळ लागत नाही. तेच रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यांचं. फूटभर वाहतं पाणी कारला हलवतं आणि दोन फूट पाणी मोठ्या गाडीलाही ढकलतं. कॅम्परची बाजू तर भिंतीसारखी सपाट, पाणी आणि वारा दोन्हीचा दाब पुरता घेते. शिवाय खालची फ्लोअरिंग प्लायची असते, ती एकदा पाणी प्याली की महिनाभर वास जात नाही आणि नंतर फुगते ते वेगळंच.

पाण्यात गाडी बंद पडली तर परत सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं असेल तर त्या एका सेल्फनं कनेक्टिंग रॉड वाकतो. उतरा, माणसं सुरक्षित जागी न्या, टोइंग बोलवा. आणि साचलेल्या पाण्यातून नीट बाहेर आलात तरी पुढं शंभर दोनशे मीटर हलका ब्रेक दाबत चला, ओले ब्रेक लागायला उशीर करतात.

पैठणला जायचा बेत असेल तर एक गोष्ट सांगतो. जायकवाडीला 27 दरवाजे आहेत, ऑगस्ट सप्टेंबरमध्ये वरून नाशिककडून पाणी आलं की ते उघडतात आणि गोदाकाठचे घाट पाण्याखाली जातात. विसर्गाच्या बातम्या रोज येतात, त्या वाचल्याशिवाय नदीकाठी मुक्काम करू नका. घाटाजवळ गाडी लावून झोपण्यात काही मजा नाही.

विजांचंही तसंच. मराठवाड्यात वीज पडून माणसं आणि जनावरं दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, जास्त करून दुपारनंतर आभाळ भरून येतं तेव्हा. एकट्या झाडाखाली गाडी लावू नका. फोनमध्ये दामिनी ॲप ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं काढलंय, जवळपास वीज पडायची शक्यता असली की सांगतं. गडगडाट चालू असताना ऑनिंग गुंडाळा, बाहेरची वायर काढा आणि आत बसा, पत्र्याची बंद गाडी बरीच सुरक्षित असते. फायबरची बॉडी असेल तर मात्र त्या भरवशावर राहू नका, पुढच्या केबिनमध्ये, काचा वर करून बसा.

आत ओल कोंडून घेणं

यावर मला जरा जास्त लिहायचंय, कारण पावसाळी मुक्काम बिघडतो तो इथंच आणि लोक दोष पावसाला देतात.

एक माणूस रात्रभरात श्वासातून पाव लिटरच्या घरात पाणी हवेत सोडतो. चौघं झोपलात की लिटरभर झालं. त्यात ओले रेनकोट, ओल्या छत्र्या, पोरांचे बूट. त्यात गॅस. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाण्याची वाफ तयार होते, हे लई जणांना पटत नाही पण ते खरं आहे. आणि पाऊस आत येईल म्हणून खिडक्या सगळ्या बंद. सकाळी उठून बघाल तर काचेवरून धारा, गादीच्या खालची बाजू दमट, कपाटाच्या मागं काळे ठिपके.

करायचं काय, तर छतावरचा व्हेंट दोन बोटं उघडा ठेवून पंखा बाहेर हवा फेकेल असा लावायचा, आणि ज्या बाजूला वारा नाही त्या बाजूची एक खिडकी खालून थोडी उघडी. आपल्याकडं पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो, त्यामुळं गाडी लावतानाच दार पूर्वेकडं येईल असं बघा, म्हणजे चढता उतरता सपकारा आत येत नाही. परतीच्या पावसात मात्र सरी कुठूनही येतात, तेव्हा आभाळ बघूनच ठरवा.

ओलं सामान आत गादीपर्यंत येऊच द्यायचं नाही. दाराशी एक बादली, तिच्यात छत्र्या. बाथरूमच्या जागेत दोरी बांधून रेनकोट तिथं. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे, दोन तासांनी बदलायचे. गादीखाली फळ्यांमध्ये फट असेल तर उत्तम, नसेल तर सकाळी गादी उभी करून ठेवा.

स्वयंपाकही असा निवडा की वाफ कमी. भात, वरण, कुकरच्या शिट्ट्या हे सगळं पावसात बंद गाडीत नको. आपल्याकडं सुशीला आहे ना! मुरमुरे भिजवून पिळून घ्यायचे, फोडणीत कांदा, मिरची, शेंगदाणे, डाळ्याचं कूट, परतलं की पाच मिनिटांत तयार, भांडीही दोनच. सकाळची भाकरी आणि ठेचा बांधून आणला असेल तर गॅस पेटवायचीही गरज नाही.

आणि एक गोष्ट जीवावरची आहे म्हणून ठासून सांगतो. थंडी वाजतेय म्हणून शेगडी पेटवून ठेवू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. अलार्म मिळतो, तो लावा. गॅस हवेपेक्षा जड असतो म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खाली भोक ठेवलेलं असतं, ते पावसाळ्यात चिखलानं आणि पाल्यानं बुजतं, रोज संध्याकाळी वाकून बघा आणि काडीनं मोकळं करा.

गळती जिथं दिसते तिथंच शोधणं

छतातून थेंब पडतो तो दिव्याजवळ, म्हणून दिव्याभोवती सिलिकॉन थापतात. थेंब बंद होतो, दुसऱ्या दिवशी कपाटातून सुरू. पाणी शिरलेलं असतं एसीच्या चौकटीखालून किंवा सोलरच्या पायाच्या स्क्रूमधून, मग ते आतल्या प्लायवरून उताराच्या दिशेनं वाहत जातं आणि पहिलं भोक सापडलं की तिथून टपकतं. गाडी ज्या बाजूला कललेली असेल तिथं. म्हणून थेंब दिसला की आधी गाडीचा उतार बघा आणि उताराच्या उलट्या दिशेला छतावर शोधा. चालू पावसात सील लागत नाही, ओल्या पत्र्यावर काहीच धरत नाही. तेवढ्यापुरती जागा पुसून रुंद ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, दाबून लावा, खाली भांडं ठेवा, आणि पक्कं काम उन्हात करा. छतावर ओल्यात चढू नका, चप्पल घालून तर मुळीच नको.

ऑनिंगचं एक टोक कायम खाली ठेवा. सपाट ठेवली की मध्ये पोट येतं, पाणी साचतं, पन्नास लिटर साचलं की पन्नास किलो झालं आणि दांडा वाकला. त्याच खालच्या टोकाला बादली लावा. शहराचा पाणीप्रश्न किती जुना आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको, वर धो धो पाऊस आणि गाडीची टाकी कोरडी असं इथं सहज होतं, कारण नळ रोज येत नाही म्हणून हॉटेलवालेही हात आखडतात. टाकी शहरात शिरायच्या आधी भरून घ्या आणि पाय धुणं, चिखल धुणं, टॉयलेटचं पाणी हे त्या बादलीतून भागवा. आणि पाऊस पडतोय, कोण बघतंय, म्हणून सांडपाण्याची टाकी रस्त्यावर सोडणं अगदी वाईट, ते पाणी पुढं कोणाच्या तरी दारात जातं.

सोलरच्या भरवशावर एसी

थोडक्यात सांगतो. झड लागलेल्या दिवशी पॅनल आपल्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्यापासून फार तर चौथाईपर्यंत देतं. 12 व्होल्टची 200 अँपिअर अवरची लिथियम बॅटरी म्हणजे 2.4 युनिट. हजार वॉटचा एसी दोन सव्वादोन तासांत ती संपवतो. पावसात एसी लागतोच कशाला, पंखा पुरे. हॉटेलकडून लाइन घेत असाल तर 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच, मध्ये असलंच पाहिजे, अर्थिंग आहे का ते टेस्टरनं बघा, आणि एक्स्टेंशनचा जोड जमिनीवर पडू देऊ नका, उलट्या बादलीवर ठेवून वरून झाका.

एका दिवसात सगळं उरकायचा हट्ट

पावसात वेरूळ, दौलताबाद, मकबरा, पाणचक्की आणि गुलमंडीची खरेदी एका दिवसात होत नाही हो. एक बाजू निवडा. बीबी का मकबरा, पाणचक्की, सोनेरी महाल आणि विद्यापीठामागच्या औरंगाबाद लेण्या हे सगळं एकाच अंगाला आहे, दिवसभराची रिक्षा ठरवली की आरामात होतं.

मकबऱ्यात वरच्या चौथऱ्यावर चपला काढाव्या लागतात आणि ओला संगमरवर फार सटकतो, म्हाताऱ्या माणसांचा हात धरा, पोरांना पळू देऊ नका. मोजे काढून पिशवीत टाका, ओले मोजे घालून दिवसभर फिरण्यापेक्षा अनवाणी बरं. पाऊस जोराचा असेल तर घाई न करता आतच थांबा. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं आईसाठी, दिलरास बानूसाठी बांधलेली ही कबर, वरच्या सज्जातून खाली बघायची, अष्टकोनी संगमरवरी जाळीच्या आत. बाहेर आभाळ काळं असताना जाळ्यांमधून जो मऊ उजेड आत येतो तो उन्हात कधीच दिसत नाही. संगमरवर कुठं संपतो आणि चुन्याचा गिलावा कुठं सुरू होतो तेही ओल्या भिंतीवर स्पष्ट कळतं.

पाणचक्कीत लोक हौद बघतात, फोटो काढतात, निघतात. तसं करू नका. त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत आहे, जाड खांबांवर तोललेलं. वर हौद भरलेला, आणि आपण त्याखाली. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून मैलोन्‌मैल आणून, उंचावरून पाडून त्यावर जातं फिरवलं, यात्रेकरूंसाठी पीठ दळलं. ज्या प्रदेशात आजही टँकरची वाट बघतात तिथं हे कोणीतरी करून ठेवलंय, ते पावसात बघताना मला तरी दर वेळी भरून येतं.

औरंगाबाद लेण्यांच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, ग्रिप असलेले बूट हवेत. दौलताबाद किल्ल्यातली अंधारी, म्हणजे तिथला भुयारी मार्ग, पावसाच्या दिवशी सोडून द्या, आत काळोख, चढ उंच आणि दगड ओला. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद, सोनेरी महालासारखी सरकारी संग्रहालयंही सोमवारी बंद असतात, हे न बघता निघालेल्या गाड्या फाटकावरून परत फिरताना दर आठवड्याला दिसतात. अजिंठ्याला तर तुमची गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटलाच ठेवावी लागते, पुढचे चार किलोमीटर बसनं, त्यामुळं तिथं कॅम्परची काळजी आपोआप मिटते.

संध्याकाळी जुन्या शहरात नान खलिया खायला जा, हळदीच्या रंगाचा जाड नान आणि तर्रीदार मटण, पावसात याच्यासारखं दुसरं काही नाही. मटण खात नसाल तर गरम इमरती घ्या. पार्सल आणून गाडीत खाऊ नका, तो वास आणि ती वाफ दोन्ही रात्रभर राहतात, तिथंच बसून गरम गरम खा आणि रिक्षानं परत या.

सकाळी निघायच्या आधी ऑनिंग ओलीच गुंडाळली असेल तर पुढच्या मुक्कामाला ऊन दिसल्या दिसल्या ती परत उघडून वाळवा, चोवीस तासांपेक्षा जास्त ओली राहिली तर बुरशीचे डाग धरते आणि ते काही केल्या निघत नाहीत.